शेवाळ शिजवणारी निशिगंधा

खोटं कशाला बोलू, पहिल्या दिवशी निशिगंधा दारात उभी राहिली तवा वासावरनं मला वाटलं, पोरगी सुकी मासळी विकती. "काकी, वरची खोली बघायला आलीया," म्हणाली. मी म्हटलं, "बघ की! आणि उद्या येताना पावशेर सुकट घिऊन ये." आता आठवलं की पोट धरून हसू येतंय. पोरगी निघाली कागलच्या एमआयडीसीतली केमिस्ट. गारगोटीची, बी.एस्सी. झालेली, तोंडानं फटकळ. आईबापानं हौसेनं फुलाचं नाव ठेवलं, आणि नशिबाला आलं शेवाळ.

व्हय, शेवाळ! मालवणकडनं समुद्रातलं शेवाळ वाळवून पोत्यानं येतंय. त्याचा अर्क काढायचा, हे तिच्या कंपनीचं काम. तो म्हणं औषधात जातोय, तोंडाला लावायच्या क्रीममधी जातोय. मला एकदा दाखवायला नेलतं तिनं. नेलं नसतं तर चार दिवस जेवण तरी गोड लागलं असतं. पोतं फोडलं की आधी वाळू, मग शिंपल्या, मग कवा मेलेत कुणास ठाऊक असले खेकडे. ते भिजवून धुवायचं, म्हणजे सगळा बुळबुळीत तपकिरी लगदा. त्यात ही कोपरापर्यंत हात घालती. शी!

पुढं माझ्या उंचीचं स्टीलचं भांडं, बोल्ट आवळून बंद केलेलं.

"काकी, ह्यात ॲसिड न्हाय, स्पिरिट न्हाय. नुसतं पाणी, पण दीडशे डिग्रीचं," ती सांगाय लागली. "तुमच्या कुकरच्या चौपट दाब. त्या दाबानं पाणी एवढं तापलं तरी त्याची वाफ हुईत न्हाय. असलं पाणी शेवाळात घुसून आतलं सगळं बाहेर ओढतंय."

"आणि वास?"

"त्यो पण."

वीस मिनिटं शिजवून, गार करून झाकण उघडलं. बाई बाई बाई! उकडलेलं गटार म्हणू, का नासक्या अंड्यांचा रस्सा म्हणू? मी चार पावलं मागं सरले. आणि ही बया त्यावर वाकून हुंगती! मीटर काय बी दाखवू दे, माल नीट शिजला का करपला ते हिला वासावरनं कळतंय. त्यापायी बाई अत्तर लावत न्हाय, खोलीत उदबत्ती न्हाय, ताटात कच्चा कांदा न्हाय. नाक साफ पायजे म्हणं. एसटीत शेजारी कुणी बसत न्हाय, तर वर मलाच सांगती, "रोज खिडकी मिळती की, काकी!"

पण घरात सोसायचं कुणी? वास तिच्या केसात, ओढणीत, माझ्या जिन्याच्या कठड्याला. आधीच्या तीन खोल्या ह्याच पायी सुटलेल्या. ही चौथी गेली तर गारगोटीहून सकाळी सातच्या पाळीला पोचणं जमायचं न्हाय, म्हणजे नोकरीच गेली. ते ठाऊक होतं म्हणून मी नाक दाबून सहा महिने काढले.

गेल्या महिन्यात मात्र कहर झाला. बाहेरच्या खोलीत पाऊल ठेवलं की उमासा यायचा. आमचे मालक, गणपतराव, हातातला भाकरीचा तुकडा ताटात टाकून उठले. "ह्या घरात एक तर ती ऱ्हाईल, न्हायतर मी!"

कुणाला ठेवायचं ह्याचा मी जरा विचार केला, आणि रविवारी तिला खाली बोलावलं.

"निशे, महिनाअखेर खोली सोड, बाई. आता अन्न पोटात टिकंना."

पोरीचा चेहरा उतरला. डोळ्यात पाणी येतंय का काय, तेवढ्यात नाकपुड्या हलल्या.

"काकी, ह्यो वास माझा न्हाय."

"मग काय माझा हाय?" मालक गरजले.

"आमचं शेवाळ शिजवलेलं असतंय. हे सडवलेलं हाय."

"शेवाळ ते शेवाळ! त्यात शिजवलेलं आणि सडवलेलं काय?"

ती वाद घालत बसली न्हाय. हुंगत हुंगत गेली ती थेट मालकांच्या दिवाणापाशी. वाकून खाली हात घातला आणि पाच लिटरचा कॅन ओढला. बूच सैल, फरशीवर काळं चिकट थारोळं, त्यात दोन झुरळं पाय वर करून. मी तोंडाला पदर लावून मोरीकडं पळाले.

आले तवा मालक कबुलीला आलते. जयसिंगपूरच्या कुठल्या दुकानातनं उसावर फवारायला टॉनिक आणलेलं. स्वस्तातलं. शेवाळाचंच.

"हे पिंपात कुजत घालून करत्यात, काका. म्हणून स्वस्त," निशिगंधा म्हणाली.

"पण शेवाळच की न्हाय?" मालक अजून हटंनात. "मग मी काय चुकीचं बोललो?"

"काय सुदीक चुकला न्हाईसा. शेवाळच हाय." तिनं कॅन उचलून त्यांच्या हातात दिला. "तुमचं. आता महिनाअखेर कोण खोली सोडतंय, काका?"

मालकांनी कॅन हातभर लांब धरला आणि तसेच मागच्या परसात चालायला लागले.