महेरुन्निसावरचा आळ

खाडीकाठच्या दिघीतल्या मोहल्ल्यात महेरुन्निसाचं हसणं चार घरं पलीकडे ऐकू जातं. चौतिसाव्या वर्षी तिची पाळी कायमची थांबली, तेव्हा मात्र ते काही महिने बंद पडलं होतं. पदरात एकच मुलगी, यशरा. नवरा शब्बीर तेव्हा कतारला. नणंद जुबेदा म्हणाली, उन्हातान्हात सुकट वाळवत बसली म्हणून झालं. शेजारणी म्हणाल्या, बाळंतपणात पथ्य पाळलं नाही. हसणं परत आलं, पण आपणच कुठंतरी चुकलो, हे तिच्या मनात घर करून राहिलं.

चौदा वर्षं गेली. यशरा मुंबईत संशोधन करू लागली. यंदा ईदला ती घरी आली, तेव्हा शीरखुर्म्यासाठी खजूर चिरताना महेरुन्निसानं विचारलं, "तू तिथं दिवसभर करतेस तरी काय गो?"

"अंडाशयातल्या पेशी कशा मरतात ते बघते."

"या अल्ला! मरणं बघायला एवढं शिकलीस?"

यशरा हसली. "अम्मी, मुलगी जन्मते तेव्हाच तिच्या पोटात दहा-वीस लाख बीजं असतात. त्यांतली पिकतात जेमतेम चारशे-पाचशे. बाकीच्यांना कुणी मारत नाही. आतूनच हुकूम सुटतो आणि त्या पेशी मुकाट्यानं स्वतःला संपवतात. प्रत्येक बाईत हे होतं. काहींच्यात फार लवकर उरकतं."

"का?"

"बऱ्याचदा डॉक्टरांनाही कारण सापडत नाही."

महेरुन्निसाची सुरी थांबली. "मग सुकट?"

"सुकटीचा काय संबंध?"

"आणि पथ्य?"

"त्याचाही नाही."

"चौदा वर्षं मी त्या बिचाऱ्या सुकटीला शिव्या घातल्या!" असं म्हणून ती जी हसत सुटली, ती डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. शब्बीर काय झालं म्हणून धावत आत आला.

मग तिला जवेरिया आठवली. जुबेदाची ही मुलगी एकतिसाची होती. तिचीही पाळी वर्षभर आली नव्हती, आणि पोर माणसांतून उठल्यासारखी खोलीत बसून असायची. महेरुन्निसानं शीरखुर्म्याचं पातेलं उचललं आणि तडक नणंदेचं घर गाठलं.

"जुबेदाबी, पोरीला बोल लावायचा नाय. तिच्या हातात काय बी नव्हतं. आणि डॉक्टरला दाखवायचंच." मग तिनं लाख बीजांची सगळी हकीकत सांगितली, आकड्यांत थोडी गफलत करून. जुबेदानं तिच्या हातातलं पातेलं घेतलं. म्हणाली, "भाबी, तेव्हा मी तुला लई बोलले."

"बोललीस खरी. आता वाट्या काढ."

पुढच्या आठवड्यात जवेरियाला घेऊन महेरुन्निसा बोटीनं खाडीपलीकडे आगरदांड्याला उतरली आणि मुरूडला डॉक्टरांकडे गेली. मूल होईल की नाही, ते डॉक्टरीणबाईंनी छातीठोक सांगितलं नाही. पण गोळ्या दिल्या, पाळी लवकर थांबली की हाडं ठिसूळ होतात म्हणून त्यांची काळजी घ्यायला सांगितलं आणि "तुमची काही चूक नाही" हेही स्वच्छ सांगितलं. बाहेर येताच जवेरिया म्हणाली, "मामी, भूक लागलीय." कित्येक महिन्यांत ती हे पहिल्यांदाच म्हणत होती. परतीची बोट चुकेल हे ठाऊक असूनही महेरुन्निसानं दोन मोठे फालुदे मागवले.