बाजाराच्या वारासाठी मांडलेली चूल

गावाचा बाजार शुक्रवारी ठेवायचा की सोमवारी करायचा, यावर आमच्या गावानं एकदा मत घेतलं होतं. आताच्यासारखं नाही हं. कागद नाही, शिक्का नाही, बोटाला शाई नाही. ज्वारीचा एक दाणा, हुलग्याचा एक दाणा आणि दोन मडकी, एवढ्यावर सगळं झालं. स्वातंत्र्य अजून यायचं होतं. चळवळीचे दिवस, गावातला तंटा गावातच मिटवायची रीत नुकती पडली होती. मी लहान होते, आणि मोठी माणसं बोलायला लागली की तिथंच काहीतरी निवडत बसायची मला खोड होती.

गाव आमचं कृष्णाकाठी, इस्लामपूरच्या अंगाला. बाजार वेशीतल्या चिंचांखाली भरायचा, शुक्रवारी. पण त्याच वारी नदीपल्याडच्या गावातही बाजार असायचा, आणि तो मोठा. पानवाले तांबोळी, बांगड्या भरणारे, कापडवाले सगळे तिकडं. आमच्या बाजारात आमचीच वांगी आम्हीच एकमेकांना विकायची, असा प्रकार. म्हणून काहीजण म्हणायला लागले, सोमवारी बाजार करा, चार माणसं येतील तरी.

त्यावर गाडीवाली घरं चिडली. आमच्याकडं सोमवारी बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत. महादेवाचा वार, त्या दिवशी बैलानं नुसतं खायचं आणि बसायचं. मग मळ्यातला माल बाजारात आणायचा कसा? आमचे थोरले चुलते त्यात पुढं. घर एकत्र होतं, कारभार त्यांच्या हातात, आणि मळ्यातनं माळव्याची, म्हणजे भाजीपाल्याची, गाडी भरून तेच आणायचे.

चावडीत बैठक झाली तेव्हा मी पायरीवर शेंगा फोडत बसले होते. मतं घ्यायची ठरलं, पण मोजायचं काय? माणसं मोजावीत तर कुणी म्हणालं, पोरंबाळं धरायची का. घरं मोजावीत तर तीन भावांचं एकच घर, आणि एकट्या म्हाताऱ्याचंही एकच. शेवटी शाळेचे गुरुजी म्हणाले, "चूल मोजा. जिच्यावर रोज भाकरी भाजते ती एक चूल, तिचं एक मत."

"आणि टाकायचं कुणी ते?" एका म्हाताऱ्या पंचानं विचारलं.

"चूल पेटवते तिनं."

चावडी हसली. पंच म्हणाले, "हरकत न्हाई. आमची ही मी सांगीन त्योच दाणा टाकणार."

"सांगा की," गुरुजी म्हणाले. "मडक्याच्या तोंडावर फडकं असणार, एवढं ध्यानात ठेवा."

आणि इथंच गावानं एक चूक केली. मत पुढच्या बाजारानंतर घ्यायचं ठरलं, तोवर पेटती दिसेल ती प्रत्येक चूल धरायची, असं सांगून मोकळे झाले. दुसऱ्या दिवसापासून गावात चुली उगवायला लागल्या. सख्खे भाऊ, गळ्यात गळा घालणारे, वेगळे निघाले म्हणे. कुणाच्या परड्यात चूल, कुणाच्या माडीवर चूल. विहिरीवर बायका एकमेकींना टोमणे मारायच्या. "काय गं, तुमच्या गोठ्यात बी धूर निघतुया म्हणं. म्हशीचं मत कुणाला?"

आमच्या घरीही चुलत्यांनी फर्मान काढलं. धाकट्यांनी, म्हणजे माझ्या आईवडिलांनी, पडवीत चूल मांडायची, की शुक्रवारला दोन मतं. नुसती मांडून भागणार नव्हतं, पंच येऊन राख बघणार होते. म्हणून रोज पेटवायची, तिच्यावर भाकरी भाजायची.

थोरल्या चुलतीला, म्हणजे आमच्या थोरल्या आईला, हे पटलं नाही. "येगळी चूल चेष्टंत मांडत न्हाईत," ती म्हणाली. "मांडायला एक दीस लागतो. मोडायला?"

"मत झालं की मोडायची," चुलते म्हणाले.

आईनं तांबडी माती कालवली, चूल घातली, वरून शेणाचा हात फिरवला. मी बघत होते. लग्न होऊन आल्यापासून तिनं घरात कधी आपल्या मनानं कालवणात मीठ टाकलं नव्हतं. थोरली आई सांगेल तेवढं, सांगेल तेव्हा. पडवीतल्या चुलीवर तिनं पहिल्या दिवशी हिरव्या मिरचीचा ठेचा केला, लसूण भाजून, तिच्या माहेरी करतात तसा. वडील जेवले आणि नुसतं म्हणाले, "लय झणका हाय." पण दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

माहेर म्हणजे कुठलं, तर नदीपल्याडचं तेच गाव, ज्याचा बाजार शुक्रवारी. माझी आजी, आईची आई, तिथल्या बाजारात मिरचीची पाटी घेऊन बसायची. आमच्याकडनं नावेनं उतरलं की झालं, पण सुनेला असं उठून जाता येत नसे. पंचमीला धाडलं तर जायचं, दिवाळीला धाडलं तर जायचं. शुक्रवारी आई धुणं घेऊन घाटावर जायची. पल्याड बाजाराची गर्दी रंगांसारखी दिसायची, माणूस ओळखू यायचं नाही. तरी ती पिळे मांडीवर ठेवून बघत बसायची.

त्या आठवड्यात घाटावर ती मला म्हणाली, "बाजार सोमवारी झाला, तर तुझी आजी पाटी घिऊन हिकडं यील. दर सोमवारी."

"मग तू हुलगा टाकणार?" मी विचारलं. शुक्रवारला ज्वारी आणि सोमवारला हुलगा, हे मला पाठ झालं होतं.

तिनं धुणं आपटायला घेतलं. मग म्हणाली, "आन हे तू घरात बोललीस, तर बघ."

मी बोलले नाही. 

मताच्या दिवशी देवळाच्या ओट्यावर दोन मडकी मांडली होती. बाईच्या हातात दोन्ही दाणे द्यायचे. एक मताच्या मडक्यात, उरलेला दुसऱ्या, पाखरांच्या मडक्यात, तो मागनं पाखरांना टाकायचा. म्हणजे हातात काय राहिलं ते घरी कुणाला कळायला नको. बायका पदर पुढं ओढून रांगेनं येत होत्या. चुलते खांबाला टेकून उभे. थोरली आई गेली, हात घातला, काढला. मागनं आई. तिचा हात फडक्याखाली जरा जास्तच वेळ राहिला असं मला वाटलं. चुलत्यांनी मिशीवरून हात फिरवला, आपली दोन मतं पडली म्हणून.

संध्याकाळी सगळ्यांसमोर दाणे सुपात ओतले आणि निवडले. सोमवार निघाला. लोकांना पटेना, मग पाखरांचं मडकं ओतलं, तर त्यात ज्वारी जास्त. उलटा हिशोबही तेच सांगत होता. ज्यांनी शुक्रवारसाठी परड्यात आणि गोठ्यात चुली मांडल्या होत्या, तेच एकमेकांच्या तोंडाकडं बघत राहिले. त्या चुली पेटवणाऱ्या बायकांची माहेरं कुठं कुठं होती, हे कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं.

घरी आल्यावर चुलते पडवीकडं बघून म्हणाले, "उद्या मोडा ती चूल."

पण उद्याचा परवा झाला, आणि सोमवार आला. चुलते माळव्याची पाटी डोक्यावर घेऊन मळ्यातनं चालत आले. गोठ्यातले बैल रवंथ करत त्यांच्याकडं बघत होते. चिंचेखाली, पानवाल्या तांबोळणीच्या शेजारी, माझी आजी मिरची मांडून बसली होती. थोरल्या आईनं आईला मीठ आणायला म्हणून बाजारात पाठवलं. घरात मीठ होतं.

दुपारी आजी घरी आली. चुलत्यांनी परत चुलीचा विषय काढला.

"आज ऱ्हाऊ द्या," थोरली आई म्हणाली.

"पाव्हणीला आपल्या चुलीवरचं घाल की."

"आपल्या चुलीवरचं त्यांनी आदी बी खाल्लंय. आज लेकीच्या चुलीवरचं खाऊ द्या."

आईनं पडवीत भाकरी थापली. आजी काटवटीशेजारी बसली होती. भाकरी फुगली की आईच्या हाताकडं बघत होती.

ती चूल मग मोडली नाही. घरही मोडलं नाही. रोजचा स्वयंपाक आतच व्हायचा, पडवीतली चूल फक्त सोमवारी पेटायची. थोरली आईच सकाळी तिला पोतेरं घालायची.

तिनं कुठला दाणा टाकला होता, हे मी पुढं पुष्कळदा विचारलं. तिचं माहेर मिरजेपलीकडं, कुठल्याच बाजाराला तिथनं कुणी यायचं नव्हतं. ती दर वेळी एकच म्हणायची, "पाखरांस्नी इचार," आणि मला जवळ ओढून वेणी घालायला बसायची.