भोये आले की नेट येतं

बातमी छापली की संपते. दुसऱ्या दिवशी तिच्यात कुणीतरी भजी बांधून देतो आणि विषय मिटतो. किस्स्याला पेपरात जागा मिळत नाही, म्हणून तो मिटत नाही, साचत जातो. आमच्या जव्हारच्या कार्यालयात गेल्या पावसाळ्यापासून इतके किस्से साचलेत की ते कुणाला तरी ऐकवल्याशिवाय नवी बातमी डोक्यात शिरायची नाही. बरं, सगळे एकाच विषयाचे. आमचा नवाकोरा कॉम्प्युटर आणि त्याचं वायफाय!

कार्यालय म्हणजे दोन खोल्या. माणसं तीन. मी, पानं लावणाऱ्या कमलताई महाले आणि मोखाडा तालुक्यातल्या खोडाळ्याचे आमचे वार्ताहर भोये. भोये खोडाळ्यात राहतात, मोटारसायकलवरून डोंगरातली गावं फिरतात आणि बातमी, फोटो घेऊन जव्हारला येतात. आमचं मुख्य कार्यालय ठाण्याला. तिथल्या साहेबांना जव्हार आणि मोखाडा हे दोन वेगळे तालुके आहेत, हे मी आजवर अनेकदा सांगितलं आहे. अजून सांगतो आहे.

* * *

जुना कॉम्प्युटर पावसाने मारला. आमच्याकडे पावसाळ्यात धुकं दारातून आत येतं, खुर्चीवर बसतं. भिंतीला पाणी सुटतं, चपलांना बुरशी येते. त्या कॉम्प्युटरचं मागचं झाकण काढलं तेव्हा आत बुरशी, मुंग्यांचं वारूळ आणि एक मेलेली पाल निघाली. कमलताई म्हणाल्या, "आत एवढा संसार होता, म्हणून हळू चालत होता!"

नवा आला तेव्हा आम्ही शहाणे झालो होतो. इकडच्या फोटोग्राफरांची एक जुनी पद्धत आहे. कॅमेऱ्याला बुरशी लागू नये म्हणून तो लोखंडी कपाटात ठेवायचा आणि कपाटात एक पिवळा बल्ब सतत चालू ठेवायचा. उबेने आतली हवा कोरडी राहते. आमचा कॅमेरा वर्षानुवर्षं असाच टिकलाय.

"मग सीपीयूपण कॅमेऱ्याशेजारीच ठेवू," कमलताई म्हणाल्या.

वेल्डरला बोलावलं, कपाटाला मागून भोक पाडून घेतलं, त्यातून वायरी बाहेर काढल्या. मॉनिटर टेबलावर, सीपीयू कपाटात, दार घट्ट बंद. नारळ फोडला. भोयेंनी कपाटालाच हळदकुंकू लावलं, कारण कॉम्प्युटर दिसतच नव्हता!

* * *

वायफाय पहिल्याच दिवशी रुसलं. यायचं, जायचं. बातमीचा मजकूर कसाबसा जायचा, फोटो अर्ध्यावर अडकायचा. राउटर बाहेरच्या खोलीत खिडकीपाशी, त्याचे हिरवे दिवे मजेत लुकलुकतायत, आणि आतल्या खोलीत पडद्यावर तो गोल फिरतोय.

मी नेट कंपनीला फोन लावला. मी फोनवर भांडतो, असं लोक म्हणतात. मी भांडत नाही. मी प्रश्न विचारतो, मोठ्याने.

पलीकडे कुठल्या तरी लांबच्या शहरातली बाई. "सर, एक बार बंद करके चालू कीजिए."

"बाई, ते काम इथे आमची लाइटच करते. दिवसभर!"

तिने पलीकडे काहीतरी टाइप केलं. मग म्हणाली, "सर, आप कहाँ से बोल रहे हैं?"

"जव्हार."

"जौहर सर, आपका पूरा नाम?"

फोन ठेवला.

* * *

शेवटी कंपनीने माणूस पाठवला. परेश नावाचा, गळ्यात इयरफोन, पाठीवर सॅक. त्याने राउटर पाहिला, वायर पाहिली, मग विचारलं, "सीपीयू कुठंय?"

"कपाटात."

कपाटाचं दार उघडून त्याने आत डोकं घातलं. बल्ब पाहून मागे सरकला. "सर, हे काय, अंडी उबवताय?"

मी त्याला बुरशीवर एक छोटं व्याख्यान दिलं. ते चालू असतानाच त्याने नेट तपासलं. सगळ्या रेघा भरलेल्या. व्हिडिओ न अडखळता चालला.

"सर, नेट तर झकास पळतंय. तुम्ही पत्रकार लोक उगाच तक्रारी करता."

परेश स्वभावाने नीटनेटका. निघताना त्याने वायरी सरळ केल्या, टेबल पुसलं आणि कपाटाचं दार व्यवस्थित लावून घेतलं. त्याची गाडी हनुमान पॉइंटच्या वळणावर पोचली नसेल, तोच कमलताई आतून ओरडल्या, "भाऊ, गेलं!"

मी परेशला फोन केला. तो म्हणाला, "सर, मी होतो तेव्हा होतं ना? मग प्रॉब्लेम माझा नाही."

असा युक्तिवाद मी आजवर फक्त ठेकेदारांच्या तोंडून ऐकला होता!

* * *

आता भोयेंचं.

त्या सुमारास ठाण्याहून निरोप आला होता. खोडाळ्याला वेगळा वार्ताहर कशाला? त्याच्या बातम्या उशिरा येतात. दिवाळीनंतर ती जागा बंद करू, खोडाळ्याच्या बातम्या फोनवरून ठाण्यातच लिहून घेऊ.

फोनवरून! वांगणीसारख्या गावात फोन लावायचा तर माणसाला टेकडी चढावी लागते, आणि टेकडी चढलेल्या माणसाला दम लागलेला असतो. तो बातमी काय सांगणार? मी ठाण्याला हे सांगितलं, लेखी कळवलं, आवाज चढवूनही सांगितलं. काही उपयोग झाला नाही. भोये वरवर हसायचे. "माझी काय चिंता करता भाऊ, मी म्हशी राखीन." पण त्यांना खोडाळ्याच्या बाजारात सगळे 'पेपरवाले भोये' म्हणतात, आणि ते नाव गेलं असतं तर हा माणूस निम्मा झाला असता, हे मला आणि कमलताईंना दिसत होतं.

तर असंच एकदा पान अडकलं होतं. बाहेर कोसळत होता. कमलताई रडकुंडीला आलेल्या. भोये निथळत आत आले, रेनकोट काढला, कपाटाचं दार उघडलं, रेनकोट त्या दारावर पसरून टाकला, हात बल्बपाशी शेकले आणि म्हणाले, "काय ताई, चेहरा असा का?"

"अहो, नेट... अहो, आलं की!"

पुन्हा दुसऱ्या खेपेला तेच. तिसऱ्या खेपेला तेच. भोये आले की नेट येतं, भोये गेले की नेट जातं. जायच्या वेळी ते रेनकोट काढून घ्यायचे आणि कॅमेऱ्याच्या काळजीने दार लावून जायचे, हे आम्ही रोज पाहत होतो. पाहत होतो म्हणजे, बघत नव्हतो.

"पायगुण आहे माणसाचा," कमलताईंनी निकाल दिला.

मी अंधश्रद्धेविरुद्ध इतकं लिहिलंय की भगतमंडळी मला रस्त्यात ओळख देत नाहीत. पण पान सोडायची वेळ झाली की मीच विचारायचो, "भोये कुठपर्यंत आलेत?"

* * *

पायगुण लाभल्यावर भोये बदलले. चालण्यात फरक पडला. खालच्या झेरॉक्सवाल्याचं मशिन अडलं, तर त्याने यांना बोलावून खुर्ची दिली, चहा दिला. मशिन काही चाललं नाही. भोये म्हणाले, "माझं खातं नेटचं हाय. कागदाचं नाय."

एकदा पान अडकलं आणि भोये खोडाळ्याच्या बाजारात. कमलताईंनी फोन केला, "भोयेदादा, सगळं सोडा आणि या!"

"ताई, सुकट घेतो नि निघतो. नेटला म्हणावं, आलोच."

आले. रेनकोट दारावर गेला, नेट आलं, पान गेलं. सुकटीची पिशवी भिजू नये म्हणून त्यांनी ती कपाटात, बल्बखाली ठेवली होती, आणि ती तशीच विसरून गेले. दुसऱ्या दिवशी मी कपाटातला तो कॅमेरा घेऊन एका मोठ्या अधिकाऱ्याची मुलाखत घ्यायला गेलो. अधिकारी शाकाहारी. फोटो काढायला मी जवळ सरकलो की ते मागे सरकायचे. मुलाखत भिंतीपाशी संपली!

* * *

मी मात्र नेट कंपनीला सोडणार नव्हतो. 'डोंगरी माणसाचा डिजिटल अपमान' असा सणसणीत लेख लिहिला. तो पाठवायलाही नेट नव्हतं. भोये आले तेव्हा गेला. छापून आल्यावर कंपनीचा मोठा माणूस स्वतः फोनवर आला, दिलगिरी व्यक्त केली आणि चारी बाजूंनी अँटेना असलेला नवा राउटर पाठवून दिला. खेकडाच जणू! आम्ही तो खिडकीत बसवला.

झेरॉक्सवाला खालून ओरडला, "सर, तुमचं नेट माझ्या दुकानात फुल येतंय!"

आतल्या खोलीत तो गोल फिरतच होता.

* * *

पाऊस उघडला. नागली कापणीला आली. भोये एकदा शेवटच्या सरीत भिजलेला रेनकोट आमच्याकडेच खुर्चीवर विसरून गेले. सकाळी कमलताईंनी तो उचलला आणि भोये टाकायचे तसाच कपाटाच्या दारावर वाळत टाकला. दार अर्थातच उघडावं लागलं.

थोड्या वेळाने त्या अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "भाऊ, नेट आलंय."

"भोये आले?"

"नाही. नुसता रेनकोट आहे."

आम्ही दोघं रेनकोटकडे बघत राहिलो. मी पदवीधर माणूस, पण एक क्षण मलाही वाटलं की गुण पायात नसून रेनकोटात असावा! मग कमलताईंनी रेनकोटची घडी केली, दार लावलं. नेट गेलं. रेनकोट हातातच ठेवून नुसतं दार उघडलं. नेट आलं. लावलं, गेलं. उघडलं, आलं.

लोखंडी कपाट. बंद दार. आत सीपीयू. बाहेर खेकडा.

त्या वेळी माझ्या कानाला कंपनीचा फोन होता. मी तो प्रथमच काही न बोलता ठेवला.

"लेखाचं काय करायचं हो?" मी विचारलं.

"राहू द्या भाऊ. लाइनी पडतात तेव्हा कुठे येतात कंपनीवाले? त्या खात्यात धरा."

मग कमलताईंनी मुद्द्याची गोष्ट काढली. "भोयेदादांना सांगायचं नाही. दिवाळी तोंडावर आली. ठाण्याचे साहेब या आठवड्यात येतायत, खोडाळ्याची जागा बंद करायला. निदान जाईपर्यंत तरी त्या माणसाला ताठ चालू दे."

दुपारी भोये रेनकोट न्यायला आले. कपाटाच्या उघड्या दारातून येणारा बल्बचा उजेड बघत जरा वेळ उभे राहिले. कमलताईंनी घडी केलेला रेनकोट त्यांच्या हातात दिला. त्यांनी एकदा दाराकडे, एकदा पडद्याकडे पाहिलं आणि तो काखेत मारून निघाले.

* * *

ठाण्याचे साहेब आले. गाडीतून उतरतानाच घाटातल्या वळणांवर चिडलेले. आत येऊन म्हणाले, "मला इथूनच एक मीटिंग घ्यायची आहे. तुमचं नेट बघू."

कमलताईंनी कोपराने कपाटाचं दार लावलं. मी पाहिलं. मी चहा सांगितला.

साहेबांनी कॉम्प्युटर माउसनेच बंद करून चालू केला. राउटर बंद करून चालू केला. पासवर्ड पुन्हा टाकला. पुढ्यातला चहा निवला. "अशा ऑफिसातून बातम्या उशिरा येणारच!"

"तेच सांगत होतो," मी म्हणालो. "दोष खोडाळ्याचा नव्हता. उलट खोडाळ्याचा माणूस आला की नेट येतं."

साहेब हसले. "अंधश्रद्धेवर लिहिणारे तुम्हीच ना?"

"मीच."

तेवढ्यात जिन्यावर भोयेंची पावलं वाजली. बाहेर रखरखीत ऊन! आज रेनकोट कुठून असणार? रेनकोट नाही म्हणजे दार उघडणार नाही, आणि पायगुण साहेबांच्या समोर जमिनीवर आपटणार. कमलताईंनी माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं.

भोये आत आले. इस्त्रीचा शर्ट, भांग पाडलेला, आणि हातात रेनकोट.

"पाऊस आहे का हो तुमच्याकडे?" साहेबांनी विचारलं.

"खोडाळ्याकडं भरवसा नाय साहेब."

ते सरळ कपाटाकडे गेले, दार उघडलं, कोरडा खडखडीत रेनकोट दारावर पसरला, खिशातून कॅमेऱ्याचं कार्ड काढून कमलताईंना दिलं आणि हात मागे बांधून उभे राहिले.

नेट आलं.

साहेब पडद्याकडे बघत राहिले. मीटिंग विसरले. "हे... दर वेळी होतं?"

"दर वेळी," कमलताई म्हणाल्या. त्या खोटं बोलत नव्हत्या.

पडद्यावर भोयेंचे फोटो उघडत गेले. वांगणीच्या बाजूचे. नागलीच्या शेतात 'रस्त्याचे काम पूर्ण' असा सरकारी फलक उभा, फलकाच्या मागे माणसाच्या पायाने पडलेली वाट, आणि त्या वाटेवरून डोक्यावर रेशनचं पोतं घेऊन येणारी एक बाई. रस्ता कुठेच नाही. बाई फलकाच्या सावलीत दम खायला थांबलेली.

"ही कोण?" साहेबांनी विचारलं.

"फलकाला सावली तरी हाय, असं म्हनली ती," भोये म्हणाले. "तेच शीर्षक द्या."

साहेब बराच वेळ त्या फोटोवर थांबले. मग म्हणाले, "पहिल्या पानावर घ्या." जिना उतरताना माझ्याकडे वळून पुटपुटले, "खोडाळ्याची जागा राहू द्या. आणि कारण विचारलं तर नेटचं सांगू नका. फोटोचं सांगा."

* * *

दिवाळी झाली. भोये खोडाळ्यातच आहेत, 'पेपरवाले'च आहेत. कपाटाचं दार आता आम्ही उघडंच ठेवतो आणि त्याबद्दल कुणी काही बोलत नाही.

परवा ठाण्याहून फोन आला. साहेब स्वतः. आवाज दबका, बहुतेक केबिनचं दार लावून बोलत असावेत. त्यांच्याकडे नवे कॉम्प्युटर आलेत, आणि वायफाय सारखं जातंय. तंत्रज्ञ येऊन गेले, काही फरक नाही. "तुमच्या त्या भोयेंना एक-दोन दिवस पाठवता का? येण्याजाण्याचं आम्ही बघू."

भोये समोरच बसले होते, सुकटीची पिशवी मांडीवर घेऊन. मी फोनवर हात ठेवला आणि त्यांना सांगितलं, "ठाण्याला बोलावतायत. तुमच्या पायगुणासाठी. जाता का?"

भोयेंनी खिडकीबाहेर पाहिलं, आकाशात एक ढग नव्हता. मग खुर्चीमागचा रेनकोट ओढून खांद्यावर टाकला आणि म्हणाले,

"जाईन की. पन आधी विचारा भाऊ, त्यांच्याकडं लोखंडाचं कपाट हाय का?"