काउंटरवरचा पालथा फोन

घोडा मंदावला की चाबूक उचलायचा नाही, आधी त्याचा पाय उचलून बघायचा. नाल सैल झालेला असतो, नाहीतर खुरात खडा रुतलेला. मी शिकलो दुसरीपर्यंत, पण जन्मभर टांगा हाकला आणि चाबूक नुसता शोभेला ठेवला. गावात कुणालाही विचारा.

आज बँकेत पासबुक भरायला गेलो. खिडकीवरच्या मॅडम माझ्या नातीच्या वयाच्या. एरवी हात कसा झरझर चालतो त्यांचा! आज यंत्रातून पासबुकाचं पान वाकडं छापून आलं. पुन्हा घातलं, पुन्हा वाकडं. शेजारी पालथा ठेवलेला फोन सारखा थरथरत होता.

मागून एकजण ओरडला, "मॅडम, झोप झाली नाही का?"

"नाही झाली," त्या हळूच मला म्हणाल्या. "बाळ तापलंय, आजोबा."

"मग रजा टाकायची, पोरी."

"मागितली. साहेब म्हणतात, आधी विम्याचं टार्गेट पुरं करा."

तेवढ्यात केबिनमधून हाक आली, "मॅडम, आज किती पॉलिसी झाल्या?" अख्ख्या रांगेनं ऐकलं. मॅडमनी मान खाली घातली.

माझा घोडा असता, तर मी भर रस्त्यात त्याला टांग्यातून सोडलं असतं. इथं माझ्या हातात काय? वाकडं पान तसंच घेतलं. म्हणालो, "चालतंय."

"सांभाळून जा हं आजोबा."

मी घरी निघायला वळलो, तोच फोन पुन्हा थरथरला. त्यांनी त्याच्यावर तळहात ठेवला, तापल्या कपाळावर ठेवावा तसा, आणि मागच्या माणसाला म्हणाल्या, "या, पुढं या."