नारळ फोडून चालू केलेलं मशीन

आमच्या घरात कॉलेज शिकलेली मी पहिली. बी.एस्सी. झाले आणि सातपूरच्या एका कारखान्यात क्वालिटीला लागले. त्याचा मला अभिमान होता, अजूनही आहे.

माझ्या टेबलासमोर प्रेसवर एक मावशी होत्या. डब्यातलं लोणचं वाढताना म्हणायच्या, "खा गं साहेबीण, जीभ नाय पोळणार." हात आत जाऊ नये म्हणून त्या मशीनला जाळी असते; काम भराभर उरकावं म्हणून ती काढून ठेवलेली होती. एका दुपारी मावशींची बोटं त्यात गेली. त्यांना घेऊन गाडी गेटबाहेर पडते न पडते तोच सुपरवायझरनं मशीन धुऊन घेतलं, उदबत्ती लावली, नारळ फोडला आणि बटण दाबलं. खोबरं सगळ्यांना वाटलं. एक तुकडा माझ्याही हातावर आला.

त्यानंतर प्रेसचा ठोका पडला की माझे हात बधिर व्हायचे. आई म्हणाली, "एवढी शिकली तू, अन् रगताला भेती का?" मला राग आला. पण शिकलेल्या मुलीनं असं घाबरू नये, असं मनातून मलाही वाटत होतं.

कंपनीनं समुपदेशनासाठी एक मॅडम बोलावल्या. दार लावून म्हणाल्या, "इथलं इथंच राहील." मग विचारलं, रक्त दिसतं का, स्वप्नं पडतात का.

मी म्हणाले, "रक्ताचं काही नाही हो. मला ते खोबरं आठवतं. उद्या माझा हात गेला तरी हे लोक खोबरंच वाटतील."

हे मी आईलाही बोलले नव्हते. बोलताना रडले. मॅडमनी मला श्वासाचा व्यायाम शिकवला.

त्याच आठवड्यात चहाच्या सुट्टीत सुपरवायझर सगळ्यांसमोर म्हणाला, "काय ग्रॅज्युएट, तुमच्या वेळी खोबरं नको ना? पेढे आणू?" पोरं हसली. मी चहा तसाच ठेवला. खोबऱ्याचं ते मी एकाच माणसाला सांगितलं होतं. पुढे माझी बदली पॅकिंगला झाली. कारण काय, तर मुलगी मनानं नाजूक आहे.

भयंकर काही पाहिलं की माणसाचं मन बिघडतं, मग तेवढं मन दुरुस्तीला न्यायचं, असं सगळे धरून चालतात. जाळी काढलेली ती काढलेलीच, आणि श्वास मोजायचे मी! माझं मन बिघडलं नव्हतं. इथे आपली किंमत काय, ते त्याला नीट कळलं होतं. अपघातानंतर काय झालं, हे कुणी विचारलंच नाही. मी आपणहून सांगितलं, तर त्याचा विनोद झाला.

गेल्या महिन्यात मॅडम पुन्हा आल्या. कॅन्टीनमध्ये सगळ्यांपुढे बोलल्या, मन मोकळं करा, आत दाबून ठेवू नका. कुणाला काही विचारायचंय का म्हणाल्या, तशी मी उभी राहिले. शेजारी बसलेली बाई माझी ओढणी ओढत पुटपुटली, "बस गं बाई, नोकरी घालवशील."

"मॅडम, आम्ही सांगितलेलं तुम्ही कुणाकुणाला सांगता?"

"ताई, आधी विश्वास ठेवायला शिका. बरं होणं तिथूनच सुरू होतं."

"ठेवला होता. त्याचं काय केलंत?"

मॅडमनी सुपरवायझरकडे पाहिलं. त्यांनी तसं पाहिलेलं अख्ख्या कॅन्टीननं पाहिलं. त्या दिवशी त्यांच्या खोलीत कुणीच गेलं नाही.