सुदामा नगरातली रिकामी पाकिटं

बिजासनचा घाट मागे पडला, खलघाटला नर्मदा ओलांडली आणि सकाळी बस इंदूरला पोचली. रिक्षातून कापड मिलचं उंच धुराडं दिसलं. धूर नव्हता. माझे भाऊजी त्याच मिलमध्ये कारकून होते. मिल बंद पडल्यावर त्यांनी सुदामा नगरातल्या घराच्या पुढच्या खोलीत किराणा दुकान थाटलं होतं.

ताईने जिरावन (मसाल्याची पूड) भुरभुरवलेले पोहे दिले आणि मला परसात नेलं. तिथे चार-पाच पोती होती, चकचकीत रिकाम्या पाकिटांनी भरलेली. एका नव्या कंपनीचे वेफर्स. त्या पाकिटांनी गल्लीतली नाली (गटार) तुंबून शेजारणीच्या स्वयंपाकघरात घाण पाणी शिरलं होतं. भंगारवाला ती घेत नव्हता. मग गल्लीतल्या बायकांनीच पाकिटं उपसून, धुऊन पोत्यांत भरली होती.

दुपारी वेफर्सच्या एजन्सीचा टेम्पो माल घेऊन आला. ताईने बायकांना हाका मारल्या आणि पोती टेम्पोत चढवायला सुरुवात केली. सेल्समन गडबडला.

"भाभीजी, माल बिक गया तो हमारा नहीं रहा."

"भिया (दादा), सोड्याच्या बाटल्या तर कंपनीवाले गिन-गिनके परत नेतात. मग हे का नाही?"

"बोतल तो फिर भरती है. इसका क्या करेंगे?"

"ते कंपनीने सोचायचं. बनवली तिनेच ना?"

तो चिडला. पोती उतरवली नाहीत तर दुकानाला माल मिळणार नाही, असं त्याने भाऊजींना बजावलं. दुकानात सर्वांत जास्त खप याच पाकिटांचा होता. ताईने भाऊजींकडे पाहिलं. मला वाटलं, आता भाऊजी तिलाच रागावणार.

भाऊजी उठले. दारावर टांगलेल्या वेफर्सच्या माळा त्यांनी सोडवल्या आणि टेम्पोत ठेवल्या.

"फिर ये भी ले जाओ," ते शांतपणे म्हणाले.

टेम्पो पोत्यांसकट गेला. दोन दिवस दुकानात पोरं येऊन हिरमुसून परत जात होती. ताईला जेवण जात नव्हतं. तिसऱ्या दिवशी एजन्सीचे मालक स्वतः आले, चहा प्यायले; एवढा खप त्यांनाही सोडवत नव्हता. दर फेरीला रिकामी पाकिटं परत नेऊ, वर कंपनीशी बोलू, असं म्हणाले. ती पोती पुढे कुठे जातील, हे मात्र त्यांनाही सांगता येईना.

परतताना सेंधव्याला बस थांबली. भूक लागली होती, म्हणून त्याच कंपनीचं पाकीट घेतलं. रिकामं झाल्यावर खिडकीबाहेर टाकायला हात गेला आणि थांबला. मागे कारखान्याचा पत्ता छापलेला होता. घरी आल्यावर ते धुतलं, वाळवलं, लिफाफ्यात घातलं आणि त्या पत्त्यावर पाठवून दिलं.

अजून उत्तर आलेलं नाही. काल दुसरं पाठवलं.