व्याह्यांचा एक घास

अर्जदार : मी, कचेरीच्या फाटकाशी बसून लोकांचे अर्ज लिहिणारा. सामनेवाले : माझ्या मुलीचे सासरे, शिंद्यांच्या फौजेतले जुने घोडेस्वार, राहणार शिंदे की छावनी. घटनेची वेळ : दर रविवारी दुपारच्या जेवणाची. साक्षीदार : माझी पत्नी, जी सध्या सामनेवाल्यांना फितूर आहे.

तक्रार अशी की, उभ्या ग्वाल्हेरात यांच्याइतका सावकाश जेवणारा मनुष्य नाही. अख्खे संस्थान विलीन व्हायला लागला नसेल इतका वेळ यांची एक पोळी पोटात विलीन व्हायला लागतो. घशाच्या कर्करोगातून उठले तेव्हा मुंबईच्या एका वृद्ध डॉक्टरांनी त्यांना सांगितले होते की, भीती आली तर तिच्याशी भांडू नका, हातातल्या घासाकडे लक्ष द्या. व्याह्यांनी हा सल्ला फौजी हुकुमासारखा उचलला. टांग्यातून उतरताना ते आधी पायाखालची जमीन जाणून घेतात. तोवर टांगेवाला घोड्यासकट तपश्चर्या करतो. उंबऱ्यात थांबून स्वतःचा श्वास पाहतात. पाण्याचा पेला तळव्यात धरून त्याचा गारवा ओळखतात. भात आधी हुंगतात, मग न्याहाळतात, मग डोळे मिटून चावतात.

मी पडलो मुलीचा बाप. व्याही पानावर असताना आधी कसा उठणार? माझे ताट केव्हाच स्वच्छ, हात वाळून खडखडीत. नव्या राज्याची राजधानी भोपाळ झाली, कचेऱ्या तिकडे गेल्या आणि माझे पक्षकार पांगले, त्यामुळे बसल्या बसल्या मी मनात शासनाला खरमरीत अर्ज लिहितो. एकदा न राहवून म्हणालो, जरा आटोपते घेऊ या. त्यांनी डोळेही उघडले नाहीत. म्हणाले, "व्याहीबुवा, जल्दी काय आहे? हा घास काही बदली होऊन भोपाळला नाही चालला."

"यांना जगाची गाऱ्हाणी ऐकू येतात," पत्नी माझ्याकडे बोट दाखवून व्याह्यांना म्हणाली, "आमटीत मीठ नाही, ते कळत नाही."

मीठ खरोखरच नव्हते. मी दोनदा वाढून घेतली होती.

गेल्या रविवारी मात्र घास त्यांच्या घशाशी अडला. त्यांनी तो शांतपणे बाहेर काढला, घोटभर पाणी प्यायले. ते म्हणाले, "भीती आली आहे. बसू दे तिलाही पंगतीला." दुसऱ्याच दिवशी ते तपासणीसाठी मुंबईला गेले. अद्याप काही कळलेले नाही.

आज त्यांचा पाट रिकामा होता. मी आमटीचा घोट तोंडात धरून बसलो. मीठ बरोबर होते, चिंच किंचित जास्त. पत्नीने विचारले, "कोणासाठी थांबलात? उठा की."

सबब नम्र विनंती अशी की, सामनेवाल्यांनी निकोप घशानिशी येत्या रविवारी जातीने हजर राहावे आणि हवा तेवढा वेळ लावावा. अर्जदाराची हरकत नाही. उत्तर कागदावर नको. टांग्यातून उतरून, पायाखालची जमीन नीट जाणून घेऊन, आमच्या उंबऱ्यात द्यावे.